सर्व्हर काढला, इंजिन आत घेतले

ग्रंथसंग्रहाची सूची ठेवणारा एक डेस्कटॉप प्रोग्राम मी बरीच वर्षे सांभाळतो आहे. पुस्तके, लेखक, सभासद, देवघेव आणि जुन्या नोंदींतील शोध एवढेच त्याचे काम आहे आणि बहुतेक ठिकाणी तो एका संगणकावर एकच माणूस वापरतो. तरीही त्याच्यासोबत एक पूर्ण डेटाबेस सर्व्हर बसवावा लागत असे. इन्स्टॉलर आधी सर्व्हर बसवी, त्याची सेवा सुरू करी, पोर्ट मोकळे आहे का ते पाही, एक पासवर्ड तयार करून तो कॉन्फिगरेशनमध्ये लिही आणि मग कुठे आमच्या प्रोग्रामाची पाळी येई. त्यातले काहीही बिघडले तर वापरणाऱ्याला दिसे तो एकच संदेश: डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही. मदत मागणाऱ्या पत्रांपैकी मोठा भाग या एका वाक्याविषयी असे, आणि पत्र लिहिणाऱ्याला आपल्या संगणकावर सर्व्हर नावाचे काही चालते याचीच कल्पना नसे.

म्हणून सर्व्हर काढून टाकून डेटाबेस हाताळणारे इंजिनच प्रोग्रामाच्या आत बसवायचे ठरले. हे काम वरवर पाहता एका ड्रायव्हरच्या जागी दुसरा ड्रायव्हर घालण्याइतके सोपे दिसते आणि साध्या क्वेऱ्यांपुरते (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांपुरते) ते तसे असतेही. पण सर्व्हर इतकी वर्षे मुकाट्याने जी कामे करत होता (एकाच वेळी दोघांनी लिहू नये म्हणून लॉक सांभाळणे, लेखनाची रांग लावणे, भाषेनुसार क्रम लावणे, चालू स्थितीत बॅकअप देणे) ती सर्व्हरबरोबर निघून जात नाहीत, ती आपल्या कोडच्या दारात येऊन उभी राहतात. माझा बहुतेक वेळ त्याच कामांत गेला.

निवडीविषयी थोडक्यात. बर्कली डीबी आणि एलएमडीबी ही इंजिने वेगवान आहेत, पण ती किल्ली आणि मूल्य एवढ्याच जोड्या ठेवतात, आणि माझ्याकडे एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत लिहिलेल्या क्वेऱ्यांचा मोठा साठा होता. एचटू आणि डर्बी यांच्यासाठी जावाची यंत्रणा सोबत न्यावी लागते, आणि माझा प्रोग्राम सी प्लस प्लसमध्ये आहे. डकडीबी आत बसवता येते, पण तिची घडण विश्लेषणाच्या मोठ्या क्वेऱ्यांसाठी आहे, दिवसभर एकेक नोंद घालण्यासाठी नाही. फायरबर्डची अंतर्भूत आवृत्ती हा खरा प्रतिस्पर्धी होता, मात्र तिच्यासोबत अनेक फाइली न्याव्या लागत होत्या. शेवटी एसक्यूलाइट घेतले. रिचर्ड हिप यांनी ते २००० मध्ये सुरू केले, तेव्हा ते अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते आणि डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यांचाही प्रोग्राम अडून बसे. म्हणजे आमच्या पत्रांतली तक्रार आणि या इंजिनाच्या जन्माचे कारण एकच होते. त्याचा कोड सार्वजनिक मालकीचा असल्याने परवान्याचा प्रश्नही उरला नाही.

एसक्यूलाइट आत घेण्याचा शिरस्ता म्हणजे त्याचा सगळा कोड एकत्र केलेली एकच सी फाइल आपल्या प्रकल्पात टाकून ती आपल्याच कोडबरोबर कंपाइल करणे. शंभराहून अधिक मूळ फाइली जोडून बनलेली ही फाइल दोन लाखांहून अधिक ओळींची आहे, आणि सगळे एकाच ठिकाणी असल्याने कंपायलरलाही तिची गती वाढवायला अधिक वाव मिळतो. तयार प्रोग्रामात तिच्यामुळे साधारण एका मेगाबाइटची भर पडते. ऑपरेटिंग सिस्टिमसोबत आलेली लायब्ररी वापरण्याचा मोह मी टाळला, कारण प्रत्येक संगणकावर तिची आवृत्ती निराळी असते आणि पुढे सांगितलेल्या सोयींपैकी काही एखाद्या जुन्या आवृत्तीत नसण्याची शक्यता असते.

इथेच एक गोष्ट तपासून घ्यावी लागली. खिडक्या आणि बटणे देणारे जे टूलकिट आम्ही वापरतो त्याच्या आतही एसक्यूलाइटची एक प्रत असते. लिनक्ससारख्या प्रणालीत फाइलवरचे लॉक प्रक्रियेच्या (चालू असलेल्या प्रोग्रामाच्या) नावावर असतात. प्रक्रियेने ती फाइल कोणत्याही वाटेने उघडून बंद केली की त्या फाइलवरची तिची सगळी लॉक सुटतात. एसक्यूलाइट आपल्या प्रतीच्या आत याचा हिशेब ठेवते, पण एकाच प्रक्रियेत दोन प्रती असल्या की एकीला दुसरीचा पत्ता नसतो आणि डेटाबेस बिघडू शकतो. त्यामुळे टूलकिटचा डेटाबेस विभाग बांधणीतूनच वगळला आणि सगळी ये-जा एकाच प्रतीतून ठेवली.

कंपाइल करताना जे पर्याय दिले त्यांपैकी एक आवर्जून सांगण्यासारखा आहे. एसक्यूएलच्या नियमानुसार दुहेरी अवतरणचिन्हांत कॉलमचे नाव येते. पण जुन्या प्रोग्रामांशी जुळवून घेण्यासाठी एसक्यूलाइट, त्या नावाचा कॉलम सापडला नाही तर, तो मजकूरच समजून पुढे जाते. अशा वेळी कॉलमच्या नावात एखादे अक्षर चुकले तरी त्रुटी येत नाही, क्वेरी शांतपणे चालते आणि चुकीचे उत्तर देते. ही सवलत बंद करता येते आणि नव्या प्रकल्पात ती पहिल्याच दिवशी बंद करावी. परकीय किल्ल्यांच्या नियमांचे (एका टेबलातील नोंद दुसऱ्या टेबलात असलेल्याच नोंदीकडे बोट दाखवते ना, हे पाहणाऱ्या) उलटे आहे: ते मुळात बंद असतात आणि प्रत्येक कनेक्शन उघडल्यावर चालू करावे लागतात. म्हणून कनेक्शन उघडण्याचे काम एकाच फंक्शनकडे दिले आणि इतर कोठूनही ते उघडता येणार नाही अशी रचना केली.

फाइल ठेवायची कोठे, याचे उत्तर सोपे आहे. प्रोग्रामाच्या फोल्डरमध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी नसते, तेव्हा ती त्याच्या स्वतःच्या डेटा फोल्डरमध्ये ठेवावी. मात्र विंडोजवर त्या फोल्डरच्या मार्गात वापरकर्त्याचे नाव येते आणि हे नाव देवनागरीत असू शकते. एसक्यूलाइटला मार्ग यूटीएफ-८ या युनिकोडच्या लेखनपद्धतीत लागतो. विंडोजच्या जुन्या पद्धतीने मिळवलेला मार्ग तसाच दिला की रोमन नावाच्या खात्यावर सगळे सुरळीत चालते आणि देवनागरी नावाच्या खात्यावर फाइल उघडतच नाही. चाचणीच्या यंत्रावर मुद्दाम देवनागरी नावाचे खाते ठेवण्याचा उपयोग असा वारंवार होतो.

जुन्या सर्व्हरमधून नोंदी आणण्याचे काम सुरू केले तेव्हा पहिली धावणी कमालीची संथ निघाली. कारण माहितीचेच होते, पण त्याची तीव्रता डोळ्यांनी पाहावी लागते. स्वतंत्रपणे घातलेली प्रत्येक नोंद हे एक पूर्ण ट्रान्झॅक्शन (एक तर सगळे पक्के होते किंवा काहीच होत नाही असे काम) असते, आणि ते पक्के करताना मजकूर खरोखर डिस्कवर पोचला की नाही याची इंजिन वाट पाहते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर अशी ट्रान्झॅक्शने सेकंदाला साठाच्या आसपासच होतात, तर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधलेल्या नोंदी साध्या संगणकावरही सेकंदाला पन्नास हजारांपर्यंत जाऊ शकतात, असे एसक्यूलाइटच्याच माहितीपत्रात दिले आहे. नोंदींचे गठ्ठे करून प्रत्येक गठ्ठा एका ट्रान्झॅक्शनमध्ये घातल्यावर ते काम बघता बघता उरकले.

रोजच्या वापरासाठी २०१० मध्ये आलेली राइट-अहेड लॉगची पद्धत निवडली. तिच्यात नवे बदल मूळ फाइलीत न जाता शेजारच्या लॉग फाइलीत जातात, त्यामुळे वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांना अडवत नाहीत. लिहिणारा मात्र एका वेळी एकच असतो. लॉग एक हजार पानांपर्यंत वाढला की, म्हणजे ४०९६ बाइटांच्या पानाने सुमारे चार मेगाबाइटांवर, त्यातील बदल मूळ फाइलीत उतरवले जातात. हे वाचले होते, पण चाचणीत एका यंत्रावर लॉग फुगतच चालला. शोध घेतल्यावर कारण सापडले ते सूचीच्या पडद्यात. हजारो पुस्तकांची यादी दाखवणारी क्वेरी पहिली दोनशे पुस्तके वाचून थांबत होती आणि वापरणारा खाली सरकेल तेव्हा पुढची वाचू म्हणून तशीच उघडी राहत होती. उघडी क्वेरी म्हणजे चालू वाचन, आणि चालू वाचनाच्या पुढचे बदल मूळ फाइलीत उतरवून लॉग पुन्हा पहिल्यापासून वापरायला इंजिन तयार नसते. पडदा सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडा, तर वाचनही तितकेच लांब. आता प्रत्येक तुकडा वेगळ्या क्वेरीने, शेवटच्या दिसलेल्या नोंदीपासून पुढे असा वाचला जातो आणि क्वेरी लगेच बंद होते.

लेखनासाठी एक स्वतंत्र थ्रेड (प्रोग्रामात समांतर चालणारा कामाचा धागा) आणि त्याच्यासमोर कामांची रांग अशी रचना केली. लॉक मिळेपर्यंत वाट पाहण्याची मुदत ठरवून देता येते हे खरे, पण एखाद्या ट्रान्झॅक्शनची सुरुवात वाचनाने झाली आणि मध्येच त्याला लिहायचे झाले, तोवर दुसऱ्याने लिहून टाकलेले असेल तर वाट न पाहताच नकार मिळतो, कारण वाचलेले चित्र आता जुने झालेले असते. लिहिण्याचा इरादा असलेले प्रत्येक ट्रान्झॅक्शन सुरुवातीलाच लेखनाचे लॉक घेऊन सुरू केले की हा प्रसंग उद्भवत नाही. पडद्याच्या थ्रेडने फक्त वाचायचे, लिहायचे काम रांगेत टाकायचे आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जायचे, असा नियम केल्यावर खिडकी गोठल्याच्या तक्रारीही थांबल्या.

या सगळ्यापेक्षा मला अधिक गुंतवून ठेवले ते मराठी मजकुराने. सर्व्हरमध्ये कोलेशनचे (भाषेनुसार क्रमाच्या नियमांचे) एक नाव लिहिले की क्रमाचा प्रश्न संपतो असे आपण धरून चालतो. एसक्यूलाइट मजकुराची तुलना मुळात बाइटांनी करते आणि देवनागरीचे बाइट युनिकोडच्या क्रमाने जातात. त्या क्रमात ळ हे अक्षर ल च्या लगेच नंतर आणि व च्या आधी येते, तर आपल्या वर्णमालेत ते ह नंतर येते. परिणामी ‘काळ’ हा शब्द यादीत ‘कावळा’ आणि ‘काही’ यांच्या आधी जाऊन बसतो. क्ष आणि ज्ञ हे क आणि ज यांच्या पोटात जातात, कारण संगणकाच्या दृष्टीने ती जोडाक्षरेच आहेत. युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहातील मराठी नियमांत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ असा क्रम दिलेला आहे आणि ग्रंथसूची चाळणाऱ्याचीही तीच अपेक्षा असते.

यावर दोन वाटा होत्या. आयसीयू ही युनिकोडचे नियम राबवणारी लायब्ररी सोबत घेऊन तिची तुलना एसक्यूलाइटला शिकवणे ही पहिली, पण आयसीयूचा डेटा इंजिनापेक्षा कितीतरी पटींनी मोठा आहे, आणि मुख्य अडचण वेगळीच होती. बाहेरून दिलेल्या तुलनेवर इंडेक्स (शोध जलद करणारी अनुक्रमणिका) उभारला की त्या तुलनेचे नियम पुढच्या आवृत्तीत किंचित जरी बदलले तरी जुना इंडेक्स चुकीचा ठरतो, आणि तो नव्याने बांधेपर्यंत असलेल्या नोंदीही सापडत नाहीत. म्हणून दुसरी वाट धरली. प्रत्येक शीर्षकासाठी आणि लेखकाच्या नावासाठी एक क्रमचावी तयार करून ती वेगळ्या कॉलममध्ये ठेवली, जिच्यात अक्षरांना आपल्या वर्णमालेतले स्थान दिलेले असते. ती बाइटांनी लावली तरी क्रम बरोबर येतो, आणि फाइल दुसऱ्या कोणत्याही साधनात उघडली तरी काही अडत नाही. चावीचे नियम बदललेच तर कॉलम पुन्हा भरायचा, एवढेच.

शोधाचे प्रकरण याहून चमत्कारिक निघाले. एसक्यूलाइटमध्ये एफटीएस५ नावाची पूर्ण मजकुरात शोधण्याची सोय आहे. मजकुराचे शब्द पाडणारा तिचा नेहमीचा भाग युनिकोडमधील अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. आपल्या काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार आणि हलन्त यांची गणना युनिकोडमध्ये अक्षरांत होत नाही, चिन्हांच्या दोन प्रकारांत होते. तेव्हा ही सगळी चिन्हे त्याच्या लेखी रिकाम्या जागेसारखी ठरतात. ‘पुस्तक’ या शब्दाचे प, स आणि तक असे तीन तुकडे पडतात. गंमत अशी की त्यामुळे शोध बंद पडत नाही, कारण शोधायचा शब्दही तसाच तुटतो आणि तुकडे लागोपाठ जुळतात. पुस्तक शोधले की पुस्तक सापडते आणि सगळे ठीक आहे असे वाटते. पण ‘काल’ शोधले की ‘केला’ आणि ‘कुली’ही समोर येतात, कारण मात्रा गाळल्यावर तिन्ही शब्द क आणि ल एवढेच उरतात. थोड्या नोंदींवर हे लक्षात येत नाही. खरी सूची भरल्यावर आखूड शब्दांची उत्तरे हास्यास्पद होऊ लागली तेव्हा शब्द कसे पाडले जातात ते उघडून पाहिले. उपाय एका ओळीचा आहे: टेबल तयार करतानाच या दोन प्रकारच्या चिन्हांना शब्दाचा भाग मानावे असे सांगता येते. फक्त ते टेबल नव्याने बांधावे लागते.

त्यानंतरही ‘कचऱ्याची’ यासारखे काही शब्द अधूनमधून सापडेनात. पडद्यावर दोन्ही नोंदी अगदी सारख्या दिसत होत्या, म्हणून त्यांचे बाइट काढून शेजारी शेजारी ठेवले. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त होते; दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह होते. कीबोर्डागणिक ही दोन लेखने होतात, आणि दिसायला एक असली तरी इंजिनाला ते दोन शब्द आहेत. अनन्यतेची अट घातलेल्या कॉलममध्येही एकच लेखक त्यामुळे दोनदा शिरू शकतो. शिवाय ते अदृश्य जोडचिन्ह अक्षरांतही मोडत नाही आणि वरच्या दोन प्रकारांतही नाही, म्हणून शब्द पुन्हा तिथेच तुटतो. आता मजकूर साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी तो एकाच फंक्शनमधून जातो, जे युनिकोडचे प्रमाणरूप लावते आणि या दुसऱ्या लेखनाचे पहिल्यात रूपांतर करते.

विभक्तीचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला आहे. शब्दाच्या सुरुवातीवरून शोधण्याची सोय चालू केल्याने ‘पुस्तक’ या शोधात ‘पुस्तकात’ आणि ‘पुस्तकांचे’ येतात, पण ‘घोडा’ शोधणाऱ्याला ‘घोड्यांची पैदास’ सापडत नाही, कारण सामान्यरूपात शब्दच बदलतो. सर्व्हरही हे करत नव्हता, तेव्हा निदान मागे गेलो नाही इतकेच.

पुढच्या आवृत्त्यांसाठी टेबलांची रचना बदलावी लागणार हे गृहीत होते. फाइलीच्या पहिल्या शंभर बाइटांच्या शीर्षभागात दोन पूर्णांक प्रोग्रामसाठी मोकळे ठेवलेले असतात: एक ही फाइल कोणत्या प्रोग्रामाची आहे हे सांगण्यासाठी आणि दुसरा रचनेची आवृत्ती ठेवण्यासाठी. सुरू होताना प्रोग्राम दोन्ही वाचतो. आवृत्ती जुनी असेल तर बदलांच्या पायऱ्या एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवतो, आणि वीज मध्येच गेली तरी फाइल एक तर जुन्या रचनेत राहते किंवा नव्या, अधांतरी राहत नाही. आवृत्ती प्रोग्रामापेक्षा नवी असेल तर फाइल उघडण्यास तो नकार देतो. ही दुसरी तपासणी अनेक जण करत नाहीत, पण वापरणारे कधी कधी जुना इन्स्टॉलर पुन्हा चालवतात.

बॅकअपची सवय लोकांना फाइल कॉपी करण्याची असते, आणि एकच फाइल आहे म्हटल्यावर ती सवय बळावते. प्रोग्राम चालू असताना मूळ फाइल तेवढी उचलली तर लॉगमधले ताजे बदल मागे राहतात किंवा अर्धवट उतरलेली स्थिती कॉपी होते. म्हणून २०१९ पासून उपलब्ध असलेली, चालू डेटाबेसची सुसंगत प्रत नव्या फाइलीत लिहिणारी व्हॅक्यूम आज्ञा ‘बॅकअप घ्या’ या बटणामागे ठेवली. ती प्रत एकाच फाइलीत येते आणि काढून टाकलेल्या नोंदींची मोकळी जागाही तिच्यात नसते. परत भरताना निवडलेली फाइल आधी तात्पुरत्या नावाने आणली जाते, प्रोग्रामाची खूण आणि आवृत्ती पाहिली जाते, इंजिनाची अखंडतेची तपासणी चालवली जाते आणि मगच ती जुन्या फाइलीची जागा घेते. जुनी फाइल नाव बदलून शेजारी राहते.

एक मागणी मात्र नाकारावी लागली. काहींनी डेटाबेस नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवून दोन-तीन संगणकांवरून एकाच वेळी काम करण्याची परवानगी मागितली. राइट-अहेड लॉगला सर्व प्रक्रियांमध्ये सामायिक स्मृती लागते आणि ती दोन संगणकांत असू शकत नाही. बदलण्यापूर्वीचा मजकूर बाजूला ठेवणाऱ्या जुन्या जर्नलच्या पद्धतीतही नेटवर्क फाइल प्रणालींच्या लॉकवर विसंबणे धोक्याचे आहे. फाइल नेटवर्कवर असल्याचे आढळले तर प्रोग्राम तसे स्पष्ट सांगून थांबतो. जिथे खरोखर अनेक संगणकांवरून देवघेव चालते त्यांच्यासाठी सर्व्हरवाली आवृत्ती चालू ठेवली आहे. क्रमचावी तयार करण्याचा आणि मजकूर प्रमाणरूपात आणण्याचा कोड तिच्यातही घातला आहे, म्हणजे एका आवृत्तीतून दुसरीत गेलेल्या ग्रंथालयाला यादीत ‘काळ’ त्याच जागी सापडतो.